दागिन्याला बांधलेली चिठ्ठी

आपल्या घरांत डब्याला चिठ्ठी लावण्याची सवय बाजारात पाकिटं येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. दळणाचा दिवस ध्यानात राहावा म्हणून कुणी डब्याखाली कागदाचा कपटा ठेवी, कुणी झाकणावर खडूने वार लिही. घरात सून नवी असो, किंवा घरची बाई चार दिवस गावाला गेलेली असो, तो कपटा तिच्या वतीने बोलायचा. ती समोर नसताना तिचा नेम सांभाळायचं काम त्या कागदाकडे असायचं. पुढे तारखा छापलेली पाकिटं आली, शाकाहाराचा हिरवा ठिपका आला, आणि दुकानात वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून ठिपका शोधायची आपल्या हाताला सवयच लागली.

दागिन्याला असा ठिपका नसतो. तिथे काय लिहायचं, किती लिहायचं, हे बरंचसं विकणाऱ्याच्या मनावर असतं. म्हणूनच मला वाटतं, की व्रताची खरी परीक्षा मंदिरात होते त्याहून जास्त अशा छोट्या कागदावर होते.

हा विचार सुरू झाला तो माझ्या भाचीमुळे. ती पेडण्याला राहते. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या सहा बायकांना बरोबर घेऊन ती गळ्यातल्या माळा, कानातली, हातातली कडी असे दागिने करते. नारळाची करवंटी, काचेचे मणी आणि पितळ हा त्यांचा मुख्य माल. मांद्रे, मोरजी, हरमल इथल्या किनाऱ्यावरच्या दुकानांत ते जातात, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाल्यापासून त्या वाटेने येणारे-जाणारे पर्यटकही वाढलेत. माल चांगला होता, पण साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जायचा. दुकानदार म्हणाले, नीट डबी करा, टॅग लावा, त्याशिवाय किंमत येत नाही. मग तिने एका चित्रकार मुलाकडून नमुने करून घेतले आणि मजकूर तपासायला माझ्याकडे आणले. “मामी, तुझं मराठी बरं, तू बघ.”

त्या टॅगवर चार ओळी होत्या. ‘हाताने बनवलेले’. ‘गोव्याची शतकांची परंपरा’. ‘शंभर टक्के नैसर्गिक’. आणि मागच्या बाजूला, ‘तुमच्या या खरेदीने एका गरजू महिलेच्या घरी चूल पेटते’.

मराठी शुद्ध होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. चार ओळींतली एकही सरळसरळ थाप नव्हती. तरीही त्या वाचताना मला अडखळल्यासारखं झालं, आणि का झालं हे शोधता शोधता हा लेख झाला.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. सोन्याच्या बाबतीत हा प्रश्न सरकारने बराचसा सोडवला आहे. १६ जून २०२१पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकांचा खास क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आपण ‘बावीस कॅरट’ म्हणतो, त्यावर ‘९१६’ असा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. हे तपासायला यंत्र आहे, केंद्र आहे. बांधून ठेवलेल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नगांची संख्या, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रार कुठे करायची ते लिहायचं, हेही २०११च्या नियमांनी ठरवून दिलंय. ते लिहिणं सोपं आहे. पण ‘हाताने बनवलेले’ हे तपासायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तिथे लिहिणाऱ्याचा शब्द हाच हॉलमार्क.

आता ती पहिली ओळ. सहाही बायका खरंच हाताने काम करतात. करवंटीच्या चकत्या पेडण्यातलाच एक कारागीर कापून देतो. त्या पॉलिश पेपरने घासायच्या, खोबरेल लावून चमकवायच्या, भोकं पाडायची, मणी ओवायचे, दर मण्यामागे गाठ मारायची. एका माळेला अर्धा दिवस जातो. पण काचेचे मणी येतात उत्तर प्रदेशातून, आणि पितळी कड्या, आकडे, फिरक्या मुंबईच्या भुलेश्वरच्या बाजारातून. त्या यंत्रावरच पडलेल्या असतात. मग ‘हाताने बनवलेले’ हे किती खरं?

भाची हुशार. ती म्हणाली, “मामी, आपला अनेकांतवाद काय सांगतो? एका अर्थी खरंच आहे ना!”

तिचं हे वाक्य मी आपल्या लोकांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलंय. व्यापारात, सोयरिकीत, भाऊबंदकीच्या वाटणीत. जिथे अर्धं सांगायचं असतं तिथे आपल्याला अनेकांत आठवतो. पण अनेकांताचा अर्थ असा सोयीचा नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. आणि ती अपेक्षा कुठली, हे सांगणं बोलणाऱ्यावर बंधनकारक आहे. आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यांतल्या सोंड धरणाऱ्याने ‘मी सोंडेपाशी उभा आहे, मला हत्ती असा लागतो’ एवढं म्हटलं असतं, तर भांडण झालंच नसतं. त्याचं चुकलं ते एवढंच, की आपण कुठे उभे आहोत ते न सांगता त्याने सगळा हत्ती सांगितला. ‘हाताने बनवलेले’ हा शब्द सोंडेपाशी उभं राहून सगळा हत्ती सांगतो.

म्हणून मी तिला म्हटलं, अनेकांतच पाळायचा तर पूर्ण पाळू. टॅगवर लिही: ‘करवंटी पेडण्याची. काचेचे मणी उत्तर प्रदेशातले. पितळी कड्या मुंबईच्या बाजारातल्या. घासणी, ओवणी आणि गाठी हाताने, पेडणे व डिचोली इथे.’ यात प्रत्येक शब्दाला उभं राहायला जागा आहे.

आपल्या शास्त्रकारांना व्यापारी माणसाचं मन किती नेमकं माहीत होतं, ते तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचताना कळतं. तिथे प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत मोडणं नव्हे. व्रत वरून अखंड दिसतं, पण त्याला डाग लागलेला असतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे कपटाचा लेख लिहिणं. अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे मापात कमी-जास्त करणं, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं खपवणं. दीड हजार वर्षांहून जुन्या या यादीत आजच्या दागिन्यांचं अख्खं दुकान बसतं. दुकानात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे मिळतं त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. ‘वन ग्रॅम गोल्ड’ हे नाव ऐकून बाईला वाटतं, यात एक ग्रॅम तरी सोनं असेल. असतो तो बहुधा सोन्याचा पातळसा मुलामा. लाख भरलेले पोकळ मणी आपल्या जुन्या दागिन्यांत असतातच. ते मोडायला नेले, की सोनार लाखेचं वजन वजा करतो हे आपल्याला पाठ आहे. पण घेताना ते वजा केलं होतं का, हा प्रश्न विचारायला आपण कधीकधी विसरतो.

याच्या उलट, मराठी बायकांचं घरगुती बोलणं किती स्वच्छ आहे बघा. लग्नाला निघताना आपण म्हणतो, “प्रवासात खोटंच घातलंय गं, खरं लॉकरमध्ये आहे.” ‘बेंटेक्सच्या पाटल्या’ म्हणताना आपल्याला संकोच वाटत नाही. हळदीकुंकवाला कुणी माळेचं कौतुक केलं, तर दुसऱ्या मिनिटाला आपण किंमतही सांगून मोकळ्या होतो. खोटा दागिना घालणारी बाई खोटं बोलत नसते. दागिना खोटा असला तरी त्याच्यावरची चिठ्ठी खरी असू शकते, हे आपण रोज दाखवून देतो. मग विकणाऱ्याला ते का जड जावं?

दुसरी ओळ ‘गोव्याची शतकांची परंपरा’. या बायका करवंटीचं काम शिकल्या एका प्रशिक्षण वर्गात, पाच वर्षांपूर्वी. डिचोलीच्या कुंभारांची परंपरा खरोखर जुनी आहे, ती त्यांनी सांगावी. आपण पाच वर्षांची गोष्ट शतकांची म्हणून सांगितली, तर कुणाचं काय गेलं, असं वाटू शकतं. पण गावाचं नाव हे एकट्याचं नसतं. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या नावामागे तिथल्या शेतांचं, वाणाचं, चवीचं कागदोपत्री सिद्ध केलेलं काम होतं. १९९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला, कारण नावाचीही चोरी होते हे सगळ्यांना पटलं होतं. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी पायताणं दाखवली, आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. २०१९ साली मानांकन मिळालेली चप्पल ती! केवढा गदारोळ झाला. मग कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. त्या वेळी आपण सगळ्या चिडलो होतो, आणि बरोबरच चिडलो होतो. पण जो न्याय मिलानला, तोच पेडण्याला. दुसऱ्याच्या पिढ्यांची मेहनत आपल्या टॅगवर उसनी आणणं हे अदत्त घेणंच आहे, न दिलेलं घेणं.

आणि जुनेपणाची किंमत गोव्यातल्या जैनांना तरी कळायला हवी. आमच्या डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजीर इथे जैन मंदिराचे अवशेष आहेत. फोंड्याकडे बांदिवड्याला नेमिनाथाच्या बस्तीच्या भिंती उभ्या आहेत. कधीकाळी इथे आपली माणसं राहत होती, पूजा करत होती, व्यापार करत होती, याची खूण म्हणजे एवढे दगड. त्यावर नीटशी पाटीसुद्धा शोधावी लागते. ज्यांच्या खऱ्या जुन्या गोष्टीला चिठ्ठी नाही, त्यांनी नव्या गोष्टीला जुनी चिठ्ठी लावणं मला बरं वाटत नाही.

भाचीला मी म्हटलं, पाच वर्षांत सहा बायका एक कला शिकल्या, यात लाजण्यासारखं काय आहे? तेच लिही. नवं असणं हा काही दोष नाही.

तिसरी ओळ सगळ्यात गोड, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची. ‘शंभर टक्के नैसर्गिक’. हा शब्द ऐकला की आपल्या मनात हिरवा ठिपका उमटतो. पण मोती नैसर्गिकच असतो. पोवळं नैसर्गिक, शंख नैसर्गिक, हाड नैसर्गिक, लाख नैसर्गिक, रेशीमही नैसर्गिक. आणि यातल्या प्रत्येकामागे कुठलातरी जीव आहे. जपानमध्ये मिकिमोटोने १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला, तेव्हापासून मोत्याची शेती होते. पण शेतीच्या मोत्यालाही शिंपला उघडून आत तुकडा घालावा लागतो, आणि मोती काढताना शिंपल्यातला जीव सहसा वाचत नाही. रेशमाचा सलग धागा हवा, तर कोश आतल्या किड्यासकट गरम पाण्यात टाकतात. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशातून ‘अहिंसा रेशीम’ काढलं, ते याच कारणाने. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसलेल्या किड्यांचं आवरण. आपल्या श्रावकाचारात जी पंधरा कर्मादानं टाळायला सांगितली आहेत, त्यांत ‘दंतवाणिज्य’ आणि ‘लाक्षावाणिज्य’ ही नावं आहेत. दात, नखं, हाडं, कातडं यांचा व्यापार करू नये आणि लाखेचा करू नये. यामागचा विचार आजही लागू पडतो: दुकानदार स्वतः प्राणी मारत नाही, पण त्याची मागणी जंगलात कुणाला तरी मारायला पाठवते.

आमच्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न पायाखालीच असतो. मोरजीच्या वाळूत दर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथली माणसं ती अंडी राखतात. त्याच पट्ट्यातल्या दुकानांत शंख-शिंपल्यांची कानातली टांगलेली असतात. किनाऱ्यावर वाहून आलेला रिकामा शिंपला आणि जिवंत असताना समुद्रातून काढलेला, यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. पोवळ्यांच्या कित्येक जाती आणि काही शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, हे घेणाऱ्या पर्यटकाला ठाऊकही नसतं. सहा जणींपैकी एकीने शिंपल्यांची कानातली करू या असं सुचवलं होतं, पण माल देणारा ते कुठून आणतो ते सांगेना. भाचीने ती केली नाहीत. टॅगवर जे लिहिता येणार नाही ते बनवायचंच नाही, हा नियम तिचा तिनेच काढला. मला तो फार आवडला. चिठ्ठी शेवटी लिहायची गोष्ट असते असं आपण समजतो. ती आधी लिहायला घेतली, तर माल कसा असावा हेही तीच ठरवते.

इथे कुणी म्हणेल, आपल्याच घरांत आजेसासूची मोत्याची नथ आहे, लग्नात आपण रेशमी शालू नेसलो, मग हा आव कशाला? मी आव आणत नाही. प्रत्येकीची मर्यादा वेगळी. कुणी मोती सोडला, कुणी रेशीम, कुणी दोन्ही ठेवून कंदमूळ सोडलं. टॅगने कुणाला उपदेश करू नये. त्याने माहिती द्यावी, म्हणजे जिची जी मर्यादा असेल ती तिला पाळता येईल. नेम करायचा की नाही हे घेणारीने ठरवायचं. पण विकणारीने माहिती दडवली, तर दुसरीचा नेम तिच्या नकळत मोडतो. ज्या पिशवीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय तिच्या आतल्या मण्यांना हाडाच्या सरसाने चिकटवलेलं असेल, तर त्या पापात वाटा कुणाचा?

माहिती म्हणजे प्राण्यांपुरतीच नाही. निकेलने कित्येक बायकांचे कान चिघळतात, पाणी येतं, भोकं बुजतात. ‘आकडा पितळेचा आहे, निकेलचा मुलामा आहे’ एवढी ओळ लिहिली, तर एखादीचा कान वाचेल. अहिंसा घेणाऱ्याच्या कातडीपासून सुरू करायला काय हरकत आहे?

चौथी ओळ मी बघितली, पण तिचा निकाल मी लावला नाही. तो लागला पेडण्यात, बायकांच्या बैठकीत. डिचोलीकडच्या दोघींची घरं खाणीच्या ट्रकवर चालायची. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. ट्रक दारात गंजत उभा आणि बँकेचे हप्ते चालू, अशा दिवसांत त्या कामाला बाहेर पडल्या. भाचीने ती चुलीची ओळ वाचून दाखवली. त्यांतली एक ताडकन म्हणाली, “काकी, म्हज्या घरांत चूल ना, गॅस आसा.” सगळ्या हसल्या. मग ती जरा थांबून म्हणाली, की माझ्या गाठी चांगल्या आहेत म्हणून माळ घ्या. माझी दया येते म्हणून नको.

मला वाटतं, या विषयावर मी वाचलेल्या सगळ्यापेक्षा हे वाक्य जास्त खोल आहे. गरिबी हीसुद्धा एखाद्या माणसाची खासगी गोष्ट असते. ती डबीवर छापून विकायची, म्हणजे तिच्याकडून माळेबरोबर आणखी काहीतरी घेणं, आणि त्याचे पैसे तिला न देणं.

मग टॅगवर बायकांची नावं घालावी का, असा प्रश्न निघाला. हा उलट बाजूचा प्रश्न. दागिना दुकानाच्या नावाने ओळखला जातो, घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं, ही जुनी अन्यायाची रीत. नाव लिहायलाच हवं, असं मी धरून बसले होते. पण एकीच्या सासरी तिने बाहेर काम केलेलं कुणाला सांगायचं नव्हतं. दुसरीला आपलं नाव हवंच होतं, तेही पूर्ण, आडनावासकट. शेवटी असं ठरलं, की टॅग ज्या दोऱ्याने बांधायचा तो दोरा प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा. एकीचा अबोली, एकीचा निळा, एकीचा हळदीचा पिवळा. जिला नाव हवं तिने टॅगवर स्वतःच्या हाताने लिहावं. जिला नको तिचा दोरा पुरे. माळ परत आली, गाठ सुटली, तर कुणाची ते कळतं. कौतुक आलं तरी कुणाचं ते कळतं.

आता डबी. नमुन्यात एक बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं होतं, आत मखमली डबी, तिच्यात फोमची गादी, वर चमकता कागद, रिबीन, जाड कार्ड, आणि हे सगळं ठेवायला दोरीची कागदी पिशवी. आत कानातली, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मला आपला जुना सोनार आठवतो. पातळ गुलाबी कागदात दागिना गुंडाळायचा, नाव छापलेल्या छोट्या बटव्यात घालायचा, झालं. तो बटवा आपण वर्षानुवर्षं वापरायचो. माझ्याकडच्या एकात अजून सुट्टे पैसे असतात.

अपरिग्रह म्हणजे आपल्याकडे कमी ठेवणं, एवढंच आपण समजतो. पण न मागितलेल्या सात वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवणं, हाही परिग्रहच वाढवणं आहे. फक्त कपाट दुसऱ्याचं. मग त्या वस्तू कपाटातून कचऱ्यात, आणि कचऱ्यातून किनाऱ्यावर. मिठाईच्या खोक्यांवरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद १ जुलै २०२२पासून देशभर बंद झाला. तो कायद्याने बंद करावा लागला, आपल्या व्रताने झाला नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि खोकं मोठं असण्यामागे एक हेतूही असतो. आतली वस्तू आहे त्याहून भारी वाटावी. म्हणजे मापाचाच खेळ, तराजूऐवजी डोळ्यांशी केलेला.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. गोव्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला आठ दिवसांत बुरशी धरते. खाऱ्या हवेत पितळ काळवंडतं, हिरवं पडतं. माल खराब झाला, तर सहा जणींची मेहनत फुकट, आणि बुरशी हीही जीवांची वस्तीच. तेव्हा नुसता कागद चालणार नाही. आत एक लहान घट्ट बंद होणारी पिशवी लागतेच, आणि तिथे मी प्लॅस्टिकला विरोध केला नाही. वस्तू राखण्यापुरतं वेष्टन ही तिची गरज आहे. त्यापुढचं सारं आपली हौस. हौसही वाईट नाही. आपण ओटी भरतो तेव्हा तांदूळ-नारळ वर्तमानपत्रात बांधून देत नाही, तबकात मांडून देतो. देण्यात देखणेपण असावं. पेडण्यातल्या शिंप्याकडे ब्लाउजचे सुती तुकडे उरतात, त्यांचे बटवे शिवायचं ठरलं. कुठलेही दोन बटवे सारखे नाहीत, आणि रिकामा झाला की बाईला तो पर्समध्ये ठेवावासा वाटतो.

हे सगळं ठरल्यावर, बैठक उठताना, पहिल्यापासून गप्प बसलेल्या बाईने विचारलं, “काकी, खरें बरोवन पोट भरता काय?” खरं लिहून पोट भरतं का?

या प्रश्नाला झटकन उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घरचा चहा त्या माळेवर अवलंबून नाही. शेजारच्या दुकानात यंत्राने पाडलेली माळ ‘हाताने बनवलेली, शंभर टक्के गोव्याची’ म्हणून निम्म्या किमतीला मिळते. तिच्याशेजारी ‘मणी उत्तर प्रदेशातले, कड्या मुंबईच्या’ असा टॅग लागला, तर गिऱ्हाईक कुठली उचलेल? नवे टॅग लागल्यावर पहिल्या महिन्यात काही जणांनी वाचून माळ परत ठेवली, हे दुकानदाराने सांगितलं. काहींनी उलट दोन घेतल्या. हिशेब कुणाच्या बाजूने झुकला ते मी सांगत नाही, कारण सत्याची बाजू विक्रीवरून ठरवायची, तर विक्री पडल्यावर ती सोडावी लागेल.

पण एक गोष्ट मी त्या बाईला सांगितली. ‘हाताने बनवलेले’ हा शब्द जितका स्वस्त होईल तितका तिचा हात स्वस्त होईल. यंत्राच्या माळेलाही तोच शब्द लागत असेल, तर तिच्या अर्ध्या दिवसाच्या गाठींना वेगळी किंमत कशाला कुणी देईल? खोट्या टॅगने पहिली नागवली जाते ती खरं काम करणारी. तेव्हा खरं लिहिणं ही भरल्या पोटाच्या माणसांची चैन आहे, असं मी मानत नाही. मात्र खऱ्या टॅगने सुरुवातीला जो तोटा होईल, तो माळ ओवणारीच्या मजुरीतून कापायचा नाही. तो भाचीने तिच्या नफ्यातून सोसायचा. हे मी भाचीसमोरच सांगितलं. तिने थोडा वेळ हिशेबाच्या वहीकडे बघितलं आणि मान हलवली. दर नगामागची मजुरी तीच राहिली.

आणि उरलेला भार आपला, घेणाऱ्यांचा. दशलक्षण पर्वात ‘उत्तम सत्य’ आणि ‘उत्तम शौच’ यांवर आपण प्रवचनं ऐकतो, आणि पर्व संपलं की रुखवतासाठी, बारशासाठी, सुनेच्या पहिल्या सणासाठी दागिने आणि भेटी घ्यायला बाजारात जातो. तिथे आपण रंग बघतो, घासाघीस करतो, डबी छान आहे म्हणून दहा रुपये जास्त देतो. पुढच्या वेळी एवढं करून बघू या: हे कशाचं आहे, कुठलं आहे आणि कुणी केलंय, असे तीन प्रश्न विचारायचे. दुकानातली मुलगी ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणाली, तर त्या दुकानात पुन्हा जायचं. आणि जिने टॅगवर मण्यांपासून आकड्यापर्यंत सगळं खरं लिहून ठेवलंय, तिच्याशी किमतीवरून वाद घालायचा नाही.